थावरा ड्रायव्हरचं गरमीचं घड्याळ

साखऱ्याजवळच्या तांड्यात थावरा जन्मला, तेव्हा त्याच्या घराण्यातली लदेणी बंद होऊन एक पिढी उलटली होती. आज्याच्या काळात शंभर-शंभर बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ही माणसं मुलूख पालथा घालायची. पुढे रेल्वे आली, बैलांचं काम गेलं, आणि थावराचा बाप दुसऱ्याच्या रानात औत हाकू लागला. थावराचं मन मात्र औतामागे कधी रमलं नाही. विशीत आल्यावर तो हिंगोलीला गेला आणि गुलाबचंद शेठच्या सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायच्या कामाला लागला.

जिनाचं इंजिन नेमसिंग नावाचा म्हातारा मिस्त्री सांभाळायचा. दुपारी सगळे हमाल सावलीला आडवे झाले की थावरा एकटाच इंजिनाजवळ जाऊन बसायचा. आवाज ऐकायचा, तेलाचा वास घ्यायचा, वाफेच्या काट्याकडे टक लावून पाहायचा. नेमसिंगने त्याला विचारलं, "काहून रे, झोप येत न्हाई का तुला?" थावरा म्हणाला, "या काट्याखाली काय लिवलंय ते सांगा ना." त्या म्हाताऱ्याने त्याला इंग्रजी आकडे शिकवले, खडूने जमिनीवर काढून. शाळेचं तोंड न पाहिलेल्या थावराला अक्षर एकही येत नव्हतं, पण आकडे पाठ झाले. ते त्याला जन्मभर पुरले.

एकोणीसशे अडतीस साली शेठने लॉरी घेतली आणि थावरा तिचा ड्रायव्हर झाला. वसमतकडची हळद, आसपासचा कापूस, हिंगोलीच्या स्टेशनात आणून टाकायचा. गाडीला तो जनावरासारखा जपायचा. चढाच्या आधी थांबून रेडिएटरच्या टाकीत पाणी घालायचा, उतारावर तिला दम खाऊ द्यायचा. चार वर्षांत गाडी वाटेत बंद पडली असं एकदाही झालं नाही.

त्याच काळात दुसरी मोठी लढाई सुरू झाली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं आणि गाडीचे सुटे भाग तर दिसेनासेच झाले. शेठला काळजी पडली. इंजिन तापून हेड, म्हणजे त्याचं वरचं लोखंडी झाकण, तडकलं, तर नवं आणायचं कुठून? कुणीतरी त्यांना सांगितलं की हैद्राबादच्या जुन्या बाजारात इंजिनाची गरमी दाखवणारं घड्याळ मिळतं, ते बसवून घ्या म्हणजे ड्रायव्हरला आधीच कळेल. शेठने ते मागवलं. गोल तबकडी, तिच्यावर शंभरापासून दोनशे बारापर्यंतचे फॅरनहाइटचे आकडे, मागून निघालेली केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या टोकाला करंगळीएवढी पितळी कांडी. ती कांडी इंजिनाच्या पाण्यात सोडायची, की पाणी जितकं गरम तितका काटा पुढे सरकायचा.

घड्याळ बसवलं बाजारातल्या वसराम फिटरने. हिंगोलीत त्याच्याइतका हुशार फिटर दुसरा नव्हता. हेडच्या डोक्यावर पाण्याच्या वाटेचं एक जुनं भोक होतं, पण ते कांडीच्या मानाने मोठं निघालं. वसरामने मध्ये एक जाडजूड पितळी जोड घातला, आट्यांना सफेदा लावलेला धागा गुंडाळला, आणि पक्कं आवळून टाकलं. पाण्याचा एक थेंबही गळला नाही. शेठ खूष झाले.

थावरा मात्र खूष नव्हता. काटा कायम एकशे साठ-सत्तरच्या आसपास रेंगाळायचा. सकाळच्या गारव्यातही तिथंच आणि चैतातल्या दुपारी, भरल्या गाडीने चढ चढल्यावरही तिथंच. थावराच्या पायाला इंजिनाचा जड श्वास कळत होता, बॉनेटवर ठेवलेला हात भाजत होता, पण काटा म्हणायचा सगळं ठीक. त्याने शेठला दोनदा सांगितलं. शेठ हसले. "अरे, हैद्राबादहून आणलंय. तुझ्या हातापेक्षा त्याला जास्त समजतं."

बेचाळीसच्या उन्हाळ्यात औंढ्याच्या अलीकडे जे व्हायचं ते झालं. खालची रबरी नळी चिरली आणि पाणी थेंबथेंब गळत गेलं. रस्ता धुळीचा, त्यामुळे ओल कुठे दिसली नाही. थावराला इंजिनाचा आवाज बदललेला कळला, त्याने काट्याकडे पाहिलं. एकशे साठ. तरीही त्याने गाडी बाजूला घेतली. पण घेता घेताच आतून काडकन आवाज आला. हेड तडकलं होतं.

बैल जुंपून गाडी ओढत जिनात आणली. शेठ आधी गाडीभोवती फिरले, मग थावरासमोर येऊन उभे राहिले.

"घड्याळ कशासाठी बसवलं होतं?"

"घड्याळ चूक दाखवून राहिलं होतं, शेठजी. मी बोललो होतो."

"म्हणजे तू पाहिलंच नाहीस. झोपला असशील."

थावराला सगळं सहन व्हायचं, पण झोपलास म्हटलेलं सहन झालं नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूल पेटवा. पाणी उकळा. घड्याळ त्यात घाला. उकळत्या पाण्यात ते एकशे साठच दाखवील. दाखवलं न्हाई तर मी पुन्हा गाडीला हात लावणार न्हाई."

जिनाच्या अंगणात तीन दगड मांडले, पातेलं चढवलं. हमाल, मुनीम, वजनाला आलेले शेतकरी, सगळे गोळा झाले. वसराम फिटरने स्वतः घड्याळ गाडीतून सोडवून आणलं आणि पाण्याला खळाखळा उकळी फुटल्यावर कांडी आत सोडली.

काटा सरसर वर चढला. एकशे ऐंशी, दोनशे, दोनशे दहा. तिथंच थांबला.

वसराम काही वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याही कामावर बोट ठेवलं गेलं होतं. तो म्हणाला, "पाहिलं? घड्याळ सोन्यासारखं बराबर आहे." लोक हसले. शेठने घड्याळ उचलून थावराच्या हातात दिलं. "घे. गळ्यात बांध. हेड मिळेपर्यंत बैलगाड्यांबरोबर जा. आणि हेड मिळाल्यावर ड्रायव्हर दुसरा पाहू."

घरी गेल्यावर थावरा जेवला नाही. त्याची बायको नीलाबाई तांड्यातलीच, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "तुमी खोटं बोलले का?"

"न्हाई."

"घड्याळ खोटं बोललं का?"

"तेही न्हाई. समद्यांनी पाहिलं."

"मग दोघंबी खरे. आता भाकर खा."

थावराला त्या बोलण्याचा राग आला, पण ते डोक्यातून जाईना. दोघंही खरे, तर मग चूक कुठे?

नवं हेड मिळायला आठ-नऊ महिने लागले. तोवर थावरा बैलगाड्या घेऊन गावोगाव फिरला. आज्याच्या धंद्यावरच परत आलास की, असं तांड्यातले लोक चिडवायचे. तो ऐकून घ्यायचा. घड्याळ मात्र घोंगडीत गुंडाळून सदा त्याच्याबरोबर असायचं.

माघात तो कुरुंद्याला हळद आणायला गेला. तिथं सखुबाईच्या मळ्यात हळद शिजत होती. सखुबाई विधवा बाई, पण हळदीच्या कढईवर तिचा शब्द शेवटचा. भट्टीवर मोठी लोखंडी कढई, वर हळदीच्या पाल्याचं झाकण, आणि चहूकडे तो कडवट-गोड वास. एक गडी कडेचं हळकुंड काडीने टोचून म्हणाला, "शिजली, उतरवू का?" सखुबाई ओरडली, "कडेचं काय पाहतोस? पार बुडाशी, मधात झारा घाल अन् तिथलं काढ!"

थावराने घोंगडीतून घड्याळ काढलं. "बाई, जरा या कढईत घालू का?"

"इखबिख न्हाई ना त्यात?"

"पितळ हाय नुसतं."

त्याने पाला बाजूला सारून कांडी पाण्यात सोडली. दोनशे दहा, जिनात दाखवलं होतं तेवढंच. पण वाफेने त्याचा हात भाजू लागला, म्हणून त्याने नळी थोडी वर ओढली. कांडीचं फक्त टोक पाण्यात राहिलं, बाकीची कांडी उघड्यावर, वाऱ्यात. काटा मागे पडू लागला. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे सत्तर. थावरा हात भाजायचं विसरला. कांडी पूर्ण बुडवली, काटा वर. टोकावर धरली, काटा खाली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

सखुबाई विचारू लागली, "काय झालं रे? येड लागलं का?"

थावरा हसत म्हणाला, "न्हाई बाई, येड गेलं."

हिंगोलीला परत आल्याबरोबर तो जिनाच्या मागच्या भंगारात गेला. तडकलेलं हेड तिथं पडून होतं आणि वसरामचा पितळी जोड अजून त्याच्या डोक्यात घट्ट बसलेला होता. थावराने कांडी जोडात बसवली, आवळली आणि हेड उलटं करून खालून डोकावलं. ज्या वाटेने पाणी वाहतं, त्या वाटेत कांडीचं ज्वारीच्या दाण्याएवढं टोक तेवढं आलं होतं. बाकी सगळी कांडी जोडाच्या पोकळीत वर लपलेली. पाणी वाहायचं खालून आणि वरच्या पोकळीत हवा कोंडून बसायची. घड्याळ त्या हवेची गरमी सांगत होतं, इंजिनाची नाही. पाणी कमी झालं तेव्हा तर टोकालाही पाणी शिवलं नसणार.

दुसरा कुणी असता तर तडक शेठकडे जाऊन गाजावाजा केला असता. थावरा आधी वसराम फिटरच्या दुकानात गेला. हेड डोक्यावर घेऊन गेला.

"वसरामभाऊ, तुमी म्हणले ते बराबर होतं. घड्याळ चांगलं हाय. पण हे खालून एकदा पाहा."

वसरामने पाहिलं. मग हेड उजेडाकडे नेऊन पुन्हा पाहिलं.  शेवटी म्हणाला, "मी गळती पाहिली रे. कांडी कुठं पोचते ते पाहिलंच नाही." त्याच दिवशी त्याने नवा जोड कातला, पातळ आणि आखूड. भोक डोक्यावर न ठेवता पाण्याच्या नळीच्या बाजूला पाडायचं ठरलं, म्हणजे हवा वर निघून जाईल आणि कांडी आडवी, पूर्ण प्रवाहात राहील.

हेड आलं, नांदेडकडच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचं. ते चढवल्यावर थावराने शेठला बोलावलं. या वेळी त्याने तोंडाने काही सांगितलं नाही. आधी जुना जोड वापरून घड्याळ या हेडच्याही डोक्यावर असलेल्या तशाच भोकात बसवलं, पण बसवण्यापूर्वी कांडीला कालवलेल्या राखेचा लेप देऊन तो वाळवला. गाडी थोडा वेळ चालवली, इंजिन थंड होऊ दिलं आणि कांडी बाहेर काढली. टोकाची राख धुऊन गेली होती, वरची जशीच्या तशी. मग ते भोक बुजवलं, नव्या जोडाने कांडी नव्या जागी बसवली, तोच लेप दिला, तेवढाच वेळ गाडी चालवली. या वेळी कांडी लख्ख धुऊन निघाली.

शेठ म्हणाले, "ठीक. पाणी लागतं हे कळलं. पण आकडा खरा कशावरून?"

प्रश्न रास्त होता आणि थावराला तो आधीच पडला होता. शाळेत संतराम मास्तर होते, त्यांच्याकडे काचेचा लांब थर्मामीटर होता. थावरा तो मागायला गेला, तर मास्तर स्वतःच उत्सुकतेने तो घेऊन जिनात आले. त्यांनी सांगितलं की समुद्रकाठी पाणी दोनशे बाराला उकळतं, आपण उंचावर आहोत म्हणून इथं दोन-तीन अंश आधीच उकळतं. थावराने मान डोलावली. पातेल्यात आणि कढईतही काटा दोनशे दहापाशीच का थांबला होता, ते त्याला आता समजलं. गाडी सुरू ठेवून टाकीचं झाकण उघडलं आणि वरच्या नळीतून जिथं पाणी पडत होतं, तिथंच मास्तरांनी थर्मामीटर धरला. थावरा आत बसून घड्याळ वाचू लागला.

"एकशे चाळीस!"

"एकशे एकेचाळीस," मास्तर म्हणाले.

"एकशे साठ!"

"साठ."

"एकशे ऐंशी!"

"ब्याऐंशी. अरे, छान आहे की हे!"

शेठने थावराच्या खांद्यावर हात ठेवला. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी वसमतला जायचंय. लवकर ये."

तेव्हापासून थावराने स्वतःला एक नेम घालून घेतला. रोज निघण्यापूर्वी टाकीत बोट घालून पाणी पाहायचं. वसरामने एकदा विचारलं, आता घड्याळ बराबर आहे तर हा उद्योग कशाला? थावरा म्हणाला, "पाणीच न्हाई तर कांडी काय मोजणार? ते काम घड्याळाचं न्हाई, माझं हाय."

सेहेचाळीसच्या वैशाखात एका दुपारी तो कुरुंद्यात हळदीची पोती भरत होता. सखुबाई उन्हात अनवाणी धावत आली. तिची सून मनकर्णा दोन दिवसांपासून अडली होती. सुईणीने हात टेकले होते. बैलगाडीने हिंगोली गाठायला दुसरी सकाळ उजाडली असती.

थावरा तडक गाडीवर चढला. अर्धी पोती खाली टाकली, उरलेल्यांवर गोधड्या अंथरल्या. मनकर्णाला वर निजवलं, सखुबाई तिच्या उशाशी बसली. मनकर्णाचा नवरा रामकिशन पुढे थावराशेजारी बसला. टाकीत बोट घालून पाणी पाहायला मात्र थावरा विसरला नाही.

औंढ्यापर्यंत गाडी बरी चालली. पुढे चढ लागला. ऊन असं की रस्ता डोळ्यांसमोर हलत होता. काटा एकशे नव्वदवर आला. आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली.

रामकिशन किंचाळला, "गाडी जळून राहिली! थांबवा, थांबवा!"

थावराने वाफेकडे पाहिलं, मग काट्याकडे. एकशे पंच्याण्णव. पाणी उकळत असतं तर काटा दोनशे नऊच्या वर असता. उकळी नाही, मग वाफ कुठली? त्याला आठवलं, झाकणाखालची रबरी चकती सकाळीच झिजलेली दिसली होती. चढावर पाणी उसळून तिथून बाहेर पडत होतं आणि तापलेल्या लोखंडावर पडून त्याची वाफ होत होती. भिण्यासारखं काही नव्हतं. पण पाणी कमी होत जाणार, ही गोष्ट खरी होती.

"जळत न्हाई," तो म्हणाला. "पाणी सांडून राहिलं. गाडी ठीक हाय."

"तुमाला काय ठाऊक?"

"हे पाहा." थावराने काट्याकडे बोट केलं. "तुमी याच्याकडं पाहात राहा. दोनशे पाचला आला की मला सांगा. मी रस्त्याकडं पाहतो."

थांबलो तर इंजिन थंड व्हायला अर्धा तास आणि मागे मनकर्णाचा आवाज बसत चाललेला. थावराने गिअर खाली घेतला, पाय हलका केला. गाडी माणसाच्या चालीने चढू लागली. रामकिशन काट्याला डोळे लावून बसला होता. त्याला आकडे वाचता येत होते, ते फार बरं झालं.

"दोनशे... दोनशे एक..."

थावराने पाय आणखी थोडा सोडला.

"दोनशे तीन."

"थांबला का?"

"थांबला. न्हाई... व्हय, थांबला!"

माथ्यावर आल्यावर वारा लागला आणि काटा आपोआप खाली सरकू लागला. उतारावर थावराने गाडी ओढ्याकाठी उभी केली, झाकणावर ओलं फडकं टाकून ते हळूच सैल केलं, बेताबेताने पाणी ओतलं आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा निघाला. ऊन कलायच्या आत ते दवाखान्याच्या दारात होते. दिवे लागायच्या सुमाराला मनकर्णाला मुलगी झाली. बाई आणि लेकरू दोन्ही वाचली. सखुबाई बाहेर आली आणि थावराच्या पायाशी वाकू लागली, तसा तो मागे सरकला. "अहो माय, काय करून राहिल्या? तुमच्या कढईनं शिकवलं मला."

शेठचं ठरलेलं काम मात्र बुडालं होतं. अर्धी हळद कुरुंद्यात, वॅगन हुकलेली. सकाळी थावरा बोलणी खायच्या तयारीने जिनात गेला. शेठने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काटा कुठपर्यंत गेला होता?"

"दोनशे तीन."

"मग ठीक," शेठ म्हणाले आणि कामाला लागले.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यानंतर निजामाचं राज्य जाऊन मुलखातली धामधूम निवली, रस्ते मोकळे झाले, लढाईतून उरलेल्या मोटारी बाजारात आल्या आणि त्यांच्याबरोबर जुनी घड्याळंही आली. तोवर थावराने शेठच्याच परवानगीने स्टेशनच्या वाटेवर पत्र्याचं छप्पर टाकलं होतं. परभणी-नांदेडचे ड्रायव्हर आपापली घड्याळं घेऊन तिथं यायचे. कुणाचा काटा अडकलेला, कुणाची नळी मुरगळलेली, पण निम्म्यांचं दुखणं एकच असायचं: घड्याळ चांगलं, जागा चुकीची. थावरा प्रत्येकाला इंजिनाजवळ नेऊन, उघडून दाखवायचा. नुसतं दुरुस्त करून हातात ठेवणं त्याला पटायचं नाही. "उद्या वाटेत मी न्हाई राहणार तुझ्याबरोबर," म्हणायचा.

बसवण्याआधी घड्याळ उकळत्या पाण्यात तपासायचं काम नीलाबाईचं. तिच्या चुलीवर त्यासाठी वेगळं पातेलं असायचं. सुरुवातीला ती नुसता जाळ घालायची आणि थावरा आकडे वाचायचा. पण रोज रोज ऐकून ते तिच्याही डोळ्यांत बसले. पुढे पुढे थावरा गाडीखाली असायचा आणि नीलाबाई चुलीपाशी, हातातल्या बांगड्या मागे सारून, वाफेतून तबकडीकडे पाहात मोठ्याने सांगायची, "एकशे ऐंशी... दोनशे... दोनशे नऊ. पक्कं हाय, न्या!" नांदेडहून आलेला एखादा नवखा ड्रायव्हर तोंडाचा आ करून तिच्याकडे पाहात राही, आणि गाडीखालून थावराचं हसू ऐकू येई.